माय गप्प का झाली?

घरातले यंत्र बिघडले की पहिला ठपका बहुधा भलत्याच वस्तूवर बसतो. बोदवडला आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात असेच झाले.

आमच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरमध्ये पुतण्याने छोटा ॲम्प्लिफायर बसवला आहे. दोन स्पीकरसाठी मागे एकच सॉकेट. डाव्याची एक तार, उजव्याची एक आणि परतीची काळी तार दोघांना मिळून एक. दोन वर्षे यंत्र छान चालले. मग एके दिवशी भीमगीतांची सीडी लावली, तर बाजूची वाद्ये वाजत होती, पण गायकाचा आवाज कुठेतरी खोल विहिरीतून यावा तसा.

नंतर मायची सीडी लावली. माझ्या मायने बाबासाहेबांवर म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या साध्या टेपरेकॉर्डरवर भरल्या होत्या. ती कॅसेट पुढे तुटली. माय आता नाही, तिचा आवाज एवढ्या एका सीडीत उरला आहे. पडद्यावर मिनिटे पुढे सरकत होती आणि स्पीकर मात्र मुके. पुतण्या म्हणाला, “काकू, उन्हानं सीडी गेली वाटतं.” काळजात धस्स झाले.

मी म्हटले, “आधी तपासू. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची.” तीच सीडी शेजारच्या संगणकावर लावली. माय खणखणीत गायली! म्हणजे सीडी शाबूत होती. मग स्पीकरची अदलाबदल केली, फरक पडला नाही. शेवटी सॉकेट बोटाने दाबले, तर क्षणभर आवाज आला. प्लग काढून, थोडा वेळ थांबून पुतण्याने झाकण उघडले. काळ्या तारेचे सोल्डरिंग सुटले होते.

एका तारेने आवाज कसा जातो? परतीची वाट तुटली की दोन्ही स्पीकर एकामागोमाग जोडले जातात आणि डाव्या-उजव्या आवाजांत जो फरक असेल तेवढाच ऐकू येतो. दोन टाक्यांत पाणी सारख्या उंचीवर असेल तर जोडनळीतून थेंबही वाहत नाही, तसेच हे. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा भरलेला असतो, म्हणून तो जातो. बाजूची वाद्ये कमीजास्त असतात, म्हणून ती राहतात. मायची सीडी तर दोन्हीकडे एकसारखीच, म्हणून सगळीच गप्प.

सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो, सेकंदाला ४४,१०० नोंदी. प्लेअर त्या प्रकाशाने वाचतो, पुसत नाही. तेव्हा प्लेअर मुका झाला म्हणून सीडी फेकू नका. सतत घूं असा आवाज येत असेल तर अर्थिंग व तारा पाहा. गाणे अडखळत असेल तर सीडीवरचे ओरखडे व लेन्सवरची धूळ पाहा. झाकण मात्र जाणकारानेच उघडावे. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही वेळ साठून राहते.

आणि भगिनींनो, घरी भरलेली सीडी ऊन आणि उष्णतेने खरोखरच खराब होते. आपल्याकडचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. ज्या घरी आजी-आजोबांच्या ओव्या, गाणी, आठवणी एकाच सीडीत वा कॅसेटमध्ये असतील, त्यांनी आजच त्यांच्या दोन नकला करून दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. यंत्र पुन्हा दुरुस्त होते. गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा भरता येत नाही.