टिंग आणि टाँग

आमच्या घरी हल्ली दारावरचं एक बटन दाबलं की तीन ठिकाणी घंटा वाजते. ओसरीवर, राजांगणाच्या कडेला आणि पार मागे रांदच्या कुडीत. ऐकणाऱ्याला यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण त्या तीन घंटांपायी आम्ही बरेच दिवस घालवले, एक घंटा जाळली आणि आमच्या वायरमनने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून कागदावर आकृती काढून मागितली.

घर फोंडा तालुक्यातलं, चौकाचं, जुनं. चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौलं. पूर्वी या घराला घंटा नव्हतीच आणि कुणाला तिची गरजही पडली नाही. पोदेर सायकलवरचा भोंगा वाजवत यायचा, नुस्तेकान्न आंगणातूनच हाळी घालायची आणि घरचं माणूस तर हाक मारतच आत शिरायचं. घरात माणसंही इतकी की कुणी ना कुणी ऐकायचंच. आता दिवसा घरात आई एकटी. वय ब्याऐंशी. मी पणजीला कामावर. आई बसणार रांदच्या कुडीत, कारण तिचं जग तिथं.

अमेरिकेतला पुतण्या आला तेव्हा त्याने व्हिडिओ डोअरबेल आणली. कुणी बटन दाबलं की माझ्या मोबाइलवर चित्र दिसतं, बोलताही येतं. वस्तू चांगली, पण ती तिकडच्या वायरिंगसाठी बनवलेली. आपल्याकडे दारावरच्या घंटेला सरळ २३० व्होल्ट देतात. बटन हाच स्विच. (पावसाळ्यात ओल्या भिंतीवरचं बटन दाबून झिणझिण्या आल्या नाहीत असा गोंयकार विरळा.) या डोअरबेलला चालतात १६ ते २४ व्होल्ट. तिला थेट जुन्या वायरी जोडल्या असत्या तर ती तिथंच स्वर्गवासी झाली असती. म्हणून एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला, २४ व्होल्टचा, आणि पुतण्यानेच आणलेली एक घंटा ओसरीवर लावली. झालं काम, असं सगळ्यांना वाटलं.

२०२४चा श्रावण. संध्याकाळी घरी आलो तर दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली. आत हळदीची पानं, ओली, ताजी. आई म्हणाली, शेजारणीनं ठेवली असतील. रात्री जेवण झाल्यावर मोबाइल उघडला, तर दुपारची नोंद पडलेली. दुपारी मी मीटिंगमध्ये, मोबाइल मुका.

चित्रात आत्या होती. डिचोलीहून बस बदलत आलेली, एकटी. छत्री मिटते, बटन दाबते, थांबते. पुन्हा दाबते. मग सवयीने हाक मारते, "वयनी! कोण आसा गे घरांत?" मागे धो धो पाऊस. कौलांवरचा पाऊस काय आवाज करतो ते आपल्याला ठाऊक आहे. नेहमी ती मागल्या दारानेच येते, पण त्या दिवसांत मागचं आंगण शेवाळाने निसरडं झालेलं. थोडा वेळ ती ओसरीच्या पायरीवर टेकली, मग पिशवी कडीला लावली आणि गेली.

आईला दाखवलं. तिने दोनदा पाहिलं. म्हणाली, "हांव हांगाच आशिल्लें मरे." मी इथंच होते रे. मग उठून झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी पातोळ्या केल्या, पण स्वतः खाल्ली नाही.

माझा राग त्या यंत्रावर होता, आणि थोडा स्वतःवर. दाराशी कोण आलं ते वीस मैलांवरच्या मला कळणार आणि वीस पावलांवरच्या आईला नाही, ही कसली सोय? न्यूयॉर्कमधल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सबाईंनी १९६६ साली नवऱ्यासोबत दारावरच्या कॅमेऱ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ला ते मिळालं. दारात वेगवेगळ्या उंचीवर भोकं, मागे कॅमेरा आणि चित्र दिसणार आतल्या खोलीत. म्हणजे मुळात ही कल्पना घरात एकट्या असलेल्या माणसासाठी होती. वाटेत कुठेतरी ती घराबाहेरच्या माणसाची झाली.

असो. पहिला उपाय बाजारातला: प्लगमध्ये खोचायची बिनतारी घंटा. वायफाय चिऱ्याच्या तीन भिंती ओलांडून रांदच्या कुडीत पोचेना. पोचलं तरी तिचं ते बारीक किणकिणतं संगीत आईला ऐकूच येईना. म्हातारपणी कान जातात ते आधी वरच्या पट्टीचे. आईला माझा आवाज कळतो, नातीचा कळत नाही. तिला हवी होती जुनी पत्र्याची टिंग-टाँग.

दुसरा उपाय: पुतण्याने तसलीच आणखी एक घंटा पाठवली. ती पहिलीला समांतर जोडली. बटन दाबलं तर दोन्ही घंटा नुसत्या 'टक्' म्हणाल्या आणि कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू झाला. कारण साधं. अशी एकेक घंटा दणका देताना दहाएक व्हीए ओढते आणि आमचा ट्रान्सफॉर्मर होताच मुळी दहाचा. दोघींनी एकदम ओढलं की व्होल्टेज बसतं आणि कॅमेरा उपाशी. मोठा ट्रान्सफॉर्मर हा एक मार्ग होता, पण तसल्या घंटा दरवेळी अमेरिकेहून कोण आणणार?

तेव्हा वायरमनच्या भाच्याने, जो कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅनल बनवतो, तोडगा सुचवला: रिले. डोअरबेलने घंटा वाजवायचीच नाही. तिने फक्त २४ व्होल्टचा एक रिले ओढायचा आणि रिलेच्या संपर्कांनी आपल्या फोंड्याच्या बाजारातल्या २३० व्होल्टच्या टिंग-टाँग वाजवायच्या. तीन लावा, पाच लावा, ट्रान्सफॉर्मरवर भार एका रिलेचाच. बाहेरच्या बटनाला २३० व्होल्ट नाहीत, त्यामुळे पावसात झटकाही नाही. चिरे फोडायला माझं मन होईना, म्हणून भिंतीवरून केसिंग पट्टी नेली. २४ व्होल्टची वायर वेगळ्या पट्टीतून, २३०ची वेगळ्या.

चाचणीला मी बटन दाबलं. तिन्हीकडे 'टिंग!' आई आतून हसली. पण 'टाँग' आलंच नाही. या घंटेत कॉइल लोखंडी दांडी खेचते तेव्हा एक पत्रा वाजतो आणि करंट सुटल्यावर स्प्रिंगने दांडी परतते तेव्हा दुसरा. करंट सुटतच नव्हता. घुंईऽऽ असा आवाज, मग जळका वास. मेन स्विच बंद करेपर्यंत ओसरीवरची घंटा कामातून गेली होती.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडलं. व्हिडिओ डोअरबेल जागी राहण्यासाठी दिवसरात्र थोडा करंट ओढत असते आणि तो घंटेतूनच येतो. रिले ओढायला जोर लागतो, पण एकदा ओढलेला धरून ठेवायला फार थोडा करंट पुरतो. तेवढा तो मिळत होता. यासाठीच घंटेला समांतर जोडायची एक लहान डबी कंपनीने दिली होती, म्हणजे हा करंट बाजूने जावा. घंटा काढली तेव्हा आम्ही तीही काढून खोक्यात टाकली होती! ती रिलेच्या कॉइलला समांतर लावली. टिंग. टाँग.

चवथीच्या आदल्या दिवशी आत्या आली. मी मुद्दाम रजेवर होतो, ओसरीवर बसून वाट बघत. बराच वेळ गेला, घंटा काही वाजेना. शेवटी आत गेलो तर दोघी रांदच्या कुडीत नारळ खोवत बसलेल्या. आंगणातलं शेवाळ खरवडून घेतलं होतं ना, ती मागल्या दाराने आली होती.

मग आईनेच तिला पुढे पाठवलं, बटन दाबून ये म्हणून. तिन्ही घंटा एकदम वाजल्या आणि आतून आईची हाक आली, "येतां गे, येतां!"