बदलांची वही

संगणक विकत घेतला म्हणजे तो लगेच आपला होत नाही. अक्षरांचा आकार, पडद्याचा रंग, कळफलकाची मांडणी अशा अनेक बारीकसारीक गोष्टी आपल्या सोयीने लावून घ्याव्या लागतात, तेव्हा कुठे त्याच्यावर हात बसतो. या आवडीनिवडी साध्या मजकुराच्या लहान लहान फायलींत साठवलेल्या असतात. लिनक्स वापरणाऱ्यांकडे अशा पुष्कळशा फायलींचे नाव टिंबाने सुरू होते आणि एरवी त्या नजरेस पडत नाहीत. यामागे काही थोर योजना नव्हती. जुन्या युनिक्स प्रणालीत फायलींची यादी दाखवताना टिंबाच्या दोन ठरावीक नोंदी वगळायच्या होत्या. त्या ओघात टिंबाने सुरू होणारे सारेच वगळले गेले, असे रॉब पाइक या जाणत्या संगणकतज्ज्ञांनी सांगितले आहे.

मी भाषांतराचे काम करते. काचबिंदूमुळे माझी नजर काही वर्षांपासून उणावत चालली आहे. त्यामुळे या टिंबाच्या फायली ही माझी हौस नव्हे, भाकर आहे. अक्षर मोठे, ओळ आखूड, पार्श्वभूमी काळी, कर्सर जाड आणि न लुकलुकणारा, एवढे जमले तरच पान वाचता येते.

२०१४ साली माझ्या भाच्याने या फायली गिटच्या स्वाधीन केल्या. बदलांची नोंद ठेवणारे हे साधन लिनस टोर्वाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी घडवले. कल्पना मात्र त्याहून जुनी. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्येच तशी प्रणाली तयार केली होती. भाच्याने साऱ्या फायली एका फोल्डरमध्ये आणल्या, त्यांच्या मूळ जागी दुवे ठेवले आणि सगळ्याची एक प्रत घराबाहेरच्या संगणकावर पाठवली. पासवर्ड मात्र कटाक्षाने वगळले. कारण गिटमध्ये एकदा नोंदलेली गोष्ट पुढे पुसली तरी जुन्या नोंदींत उरतेच. प्रत्येक बदलाबरोबर गिट तारीख नोंदवते आणि आपल्याकडून चार शब्दही मागते. "मावशी, काय बदललं ते गिट सांगेल," तो म्हणाला, "का बदललं ते तूच लिही."

२०२१ साली जुना संगणक कायमचा बंद पडला. नव्यावर ती प्रत उतरवून घेतली, दुवे जोडले, आणि तासाभरात माझे अक्षर, माझा रंग, माझा कळफलक जसाच्या तसा समोर आला. दुसऱ्या दिवशी द्यायचे भाषांतर दुसऱ्याच दिवशी गेले.

परंतु या वहीचे खरे मोल मला पुढे कळले. एका तपासणीत डॉक्टरांनी विचारले, "त्रास नेमका कधीपासून वाढला?" अशा प्रश्नाला माणूस अंदाजाने उत्तर देतो. मी घरी येऊन नोंदी उलगडल्या. २०१४ मध्ये अक्षराचा आकार १२ होता. २०१६ मध्ये १४. शेजारी कारण होते, 'संध्याकाळी डोळे थकतात'. २०१९ मध्ये १८, 'अनुस्वार निसटतात'. २०२२ मध्ये २४, आणि ओळ सत्तर अक्षरांवरून पंचेचाळीसवर, 'ओळीच्या शेवटचे शब्द हरवतात'. अक्षराच्या सोयीसाठी लिहिलेली ती वही नकळत माझ्या डोळ्यांची रोजनिशी झाली होती. त्या तारखा मी कागदावर उतरवून दिल्या आणि डॉक्टरांनी तो कागद माझ्या केसपेपरला जोडला.

गिटमध्ये नोंदलेल्या कोणत्याही दिवसाकडे परत जाता येते. एका आज्ञेने २०१४चे ते बारीक, नेटके अक्षर पडद्यावर आणता येईल. ते वाचणारी नजर मात्र आणता येणार नाही. काचबिंदूने नेलेली दृष्टी परत मिळत नाही, उरलेली जपता येते. म्हणून मी डोळ्यांतले थेंब चुकवीत नाही आणि कारण लिहिण्याचा कंटाळाही करीत नाही.

गेल्या महिन्यात अक्षर २८ केले. कारणाच्या जागी लिहिले, 'काम चालू ठेवण्यासाठी'.