कार्बोरेटर गेल्याचं दुःख मला आता नाही

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 मानकं लागू झाली आणि नव्या स्कूटरमधून कार्बोरेटर जवळपास नाहीसा झाला. त्याची जागा फ्युएल इंजेक्शननं घेतली. तेव्हा मी भेटेल त्याला ठामपणे सांगायचो, की घरी स्कूटर दुरुस्त करायचे दिवस संपले. आता पाने-स्क्रूड्रायव्हर माळ्यावर टाका आणि लॅपटॉपवाल्या मेकॅनिककडे जा. हे मत मी बराच काळ धरून होतो. आज ते माझं राहिलेलं नाही, आणि ते का बदललं हे मला मोकळेपणानं सांगायचं आहे.

मी पुण्यातला. आमच्या पिढीचा हात बजाज चेतकवर बसला. 1972 साली बाजारात आलेली ती स्कूटर होतीच तशी: 145 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर डाव्या मुठीत, आणि उजव्या बाजूचं पत्र्याचं कव्हर उतरवलं की सगळं काम समोर. प्लग काढून घासायचा आणि 0.6 मिलिमीटरचा गॅप पाहायचा. फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट लावायचे. कार्बोरेटर सोडवून जेटमधून हवा मारायची. सायलेन्सर कार्बननं चोंदला की जाळून मोकळा करायचा. लिटरमागे 20 मिलिलिटर ऑइल मोजून घालायचं. आणि शेवटी इंजिन तापलं, की कान लावून स्लो सेट करायचा: स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर, फायरिंग एकसारखं येईपर्यंत. या शेवटच्या पावलाला आम्ही ट्यूनिंग म्हणत होतो. तो स्क्रूच उरला नाही तर घरी करण्यासारखं काय उरलं, असा माझा सवाल होता.

उत्तर मिळायला सुरुवात झाली ती घाटात. पुण्याच्या हवेत कानानं नेमका लावलेला कार्बोरेटर पसरणी घाट चढून महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर पोचला, की इंजिन जड वाटायला लागतं आणि प्लग काळा पडतो. वर हवा विरळ असते; जेटमधून पेट्रोल मात्र जवळपास तेवढंच येतं. तिथल्या हवेला जुळवून घेतलं, तर खाली उतरल्यावर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकमध्ये त्याचा अर्थ इंजिन तापणं आणि वेळप्रसंगी पिस्टन धरणं. म्हणजे मी लावलेला स्क्रू एका जागेपुरता, एका ऋतूपुरता बरोबर असायचा.

घरात बीएस-6 स्कूटर आली. तीच वाट चढून गेल्यावर तिचा प्लग मी मुद्दाम काढून पाहिला. तो फिकट तपकिरी होता, जसा हवा तसाच. हवेचा दाब, तापमान, थ्रॉटल किती उघडलाय हे सगळं सेन्सर सांगत असतात, ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरकडे निघालेला धूर तपासतो आणि त्यानुसार पेट्रोल सतत कमी-जास्त होत राहतं. हे काम माझा कान करू शकत नव्हता. चेतकवर माझं आजही प्रेम आहे. पण टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतानाच ताजं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं काही न जळताच बाहेर निघून जातं. कितीही कसून ट्यूनिंग केलं तरी ते थांबत नाही, आणि मागून येणाऱ्याला ते छातीत घ्यावं लागतं. मिश्रणाचं काम माझ्या हातातून गेलं हे चांगलंच झालं, या निष्कर्षावर मी असा आलो.

मग हातात काय राहिलं? खूप राहिलं. बिनगिअरच्या स्कूटरचं डावं कव्हर उघडून पाहा. आत व्हेरिएटर आहे. इंजिनाचा वेग वाढला की त्यातले रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात, बेल्ट मोठ्या घेरावर चढतो आणि स्कूटर पळू लागते. हे रोलर एका बाजूनं झिजून चपटे झाले, की अडखळतात. बेल्ट झिजून अरुंद झाला, की टॉप स्पीड घटतो. क्लच शू गुळगुळीत झाले, की सुटताना गाडी थरथरते. पिकअप गेला म्हणून लोक इंजिनाला दोष देतात. दुखणं पुष्कळदा या डाव्या कव्हरखाली असतं, आणि तिथे एकही संगणक नाही. ट्यूनिंगची हौस असलेल्यालाही इथे जागा आहे. हलके रोलर टाकले तर पिकअप वाढतो पण इंजिन जास्त फिरतं आणि पेट्रोल जास्त लागतं. जड रोलर टाकले तर उलटं. मी कंपनीच्या वजनाचेच रोलर वापरतो, कारण रोजच्या वापरात तोच समतोल टिकतो.

टॅपेटचंही तसंच. व्हॉल्व्हची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, तीही इंजिन पूर्ण गार असताना. फिलर गेजची पाती किंचित अडत सरकली पाहिजे. फट कमी राहिली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. जास्त झाली तर टकटक येते. एअर फिल्टर, प्लग, इंजिन ऑइल, मागच्या चाकाचं शे-सव्वाशे मिलिलिटर गिअर ऑइल, ब्रेकची केबल, टायरची हवा हे सगळं आजही घरच्या अंगणात होतं. काही मॉडेलमध्ये तर मीटरवरचा इंजिनाचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोषाचा क्रमांक सांगतो. पूर्वी जे अंदाजानं शोधायचो ते आता गाडी स्वतः सांगते.

काही कामांत मात्र घरी हात घालू नये. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलची नळी साधारण 3 बार दाबाखाली असते; ती शिकल्याशिवाय सोडवू नये. व्हेरिएटरचा नट टॉर्क रेंचशिवाय आवळू नये. ब्रेक शूची धूळ फुंकरीनं उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. सायलेन्सर कापून आवाज वाढवणं याला मी दुरुस्ती मानत नाही, आणि कायद्यालाही ते मान्य नाही.

नवी स्कूटर घेतलेल्या तरुण मुला-मुलींना माझं सांगणं आहे: गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचा. एक फिलर गेज, एक प्लग पाना आणि हवा मोजायचा गेज घ्या. पहिल्या रविवारी फक्त टायरची हवा आणि एअर फिल्टर पाहा, पुढच्या वेळी प्लग काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहून ठेवा. जे जमणार नाही त्यासाठी चांगला मेकॅनिक गाठा आणि तो काम करत असताना शेजारी उभे राहून विचारा. घरी करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं कुणी म्हणालं, अगदी पूर्वीच्या माझ्यासारखं ठामपणे म्हणालं, तरी ऐकू नका.