अथेन्सची कमान

अटलांटा शहरातून पूर्वेकडे सुमारे ११० किलोमीटर गेले की जॉर्जिया राज्यातील अथेन्स हे गाव लागते. ग्रीसमधील प्राचीन विद्यानगरीचे नाव त्याने घेतले आहे आणि गावाचा प्राणही विद्याच आहे. येथील जॉर्जिया विद्यापीठाची सनद १७८५ सालची. मोठमोठ्या वृक्षांच्या सावलीतील विटांच्या जुन्या इमारती, पांढरे स्तंभ आणि पुस्तके छातीशी धरून लगबगीने जाणारी मुले पाहिली की कोणत्याही विद्याप्रेमी माणसाचे मन प्रसन्न होते.

गावातील ब्रॉड स्ट्रीट आणि विद्यापीठाचे आवार यांच्या सीमेवर काळ्या रंगाची एक लोखंडी कमान उभी आहे. ती आकाराने भव्य नाही, पण तिचा मान मोठा आहे. तिचे तीन खांब म्हणजे विवेक, न्याय आणि संयम, असे येथे मानतात. हेच जॉर्जिया राज्याचे ब्रीद. रत्नत्रयाचे संस्कार घेऊन आलेल्या आपल्यासारख्या प्रवाशाला तीन तत्त्वांवर उभी असलेली ही कमान परकी वाटत नाही. पदवी मिळेपर्यंत विद्यार्थ्याने तिच्याखालून जायचे नाही, असा येथला संकेत आहे. नवी मुले बाजूने ये-जा करतात आणि पदवीदानाच्या दिवशी प्रथमच कमानीखालून अभिमानाने चालत जातात.

मात्र या कमानीपाशी काही विद्यार्थ्यांना कायद्यानेच अडवले गेले, आणि तेही दोनदा.

पहिली कथा १९६१ च्या जानेवारीतील आहे. तोपर्यंत या विद्यापीठात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स या दोन गुणी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाच्या आदेशाने त्यांना प्रवेश मिळाला. त्यानंतर काही दिवसांतच एका रात्री शार्लेनच्या वसतिगृहावर जमाव चालून आला. दगडफेक झाली, खिडक्या फुटल्या. ‘त्यांच्याच सुरक्षेसाठी’ म्हणून विद्यापीठाने दंगेखोरांऐवजी या दोघांनाच घरी पाठवले. न्यायालयाने पुन्हा हस्तक्षेप केला आणि ते परतले. १९६३ साली दोघेही पदवीधर झाले. पुढे शार्लेन नामवंत पत्रकार झाली, तर हॅमिल्टन अस्थिरोगतज्ज्ञ झाला. कमानीजवळच्या इमारतीला २००१ साली या दोघांची नावे देण्यात आली. ज्यांना दार बंद होते, त्यांचीच नावे आज दाराशेजारी झळकतात.

दुसरी कथा अजून संपलेली नाही. २०१० साली राज्याच्या विद्यापीठ मंडळाने असा नियम केला की, ज्या संस्थांत पात्र विद्यार्थ्यांनाही जागेअभावी नाकारावे लागते, तेथे अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर परवाना नसलेल्यांना प्रवेश द्यायचा नाही. त्यात हे विद्यापीठही आले. इतर सरकारी महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, तरी राज्यातील रहिवाशांची सवलतीची फी अशा मुलांना मिळत नाही. परप्रांतीयांची कित्येक पट फी त्यांना भरावी लागते, आणि केंद्र सरकारचे शैक्षणिक साहाय्य तर देशात कोठेही मिळत नाही.

ही मुले कोण आहेत? आईबापांच्या कडेवर बसून किंवा बोट धरून ती या देशात आली. सीमा कोणती आणि मुदत कोणती, हे कळण्याचे त्यांचे वयच नव्हते. १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात निर्णय दिला की, अशा मुलांना सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही. त्यामुळे बारावीपर्यंत ती इतरांच्या मांडीला मांडी लावून शिकतात. पुढे वाहन परवान्याचा किंवा महाविद्यालयाचा अर्ज भरताना एक रकाना रिकामा राहतो, आणि आपण या देशाचे कागदोपत्री कोणीच नाही हे अनेकांना प्रथम त्या दिवशी समजते.

२०१२ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या शासनाने ‘डाका’ नावाची सवलत दिली. तिच्यामुळे अनेकांना दोन-दोन वर्षांच्या मुदतीने हद्दपारीपासून संरक्षण आणि कामाचा परवाना मिळाला. पण जून २००७ पूर्वीपासून जे या देशात राहत होते, त्यांनाच ती लागू होती. आज अठरा वर्षांचा होणारा विद्यार्थी बहुधा त्या तारखेनंतर आलेला असतो. त्याच्या हाती तेवढाही आधार नाही.

येथे वर्णाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ‘बिनकागदाचा’ म्हटले की अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर मेक्सिकन चेहरा येतो. म्हणून जन्माने नागरिक असलेल्या लॅटिनो मुलाकडेही संशयाने पाहिले जाते. उलट कोरियन किंवा भारतीय मुलावर कोणी संशय घेत नाही. पण ‘हुशार आणि सुस्थितीतील समाज’ या लौकिकाचे ओझे त्याच्यावर असते. त्यामुळे तो आपली अडचण शिक्षकांना, मित्रांना, कधी कधी मंदिरातील मंडळींनाही सांगत नाही. एकाला चेहरा उघडा पाडतो, तर दुसऱ्याला तोच चेहरा मुका करतो.

आणि हा प्रश्न आपल्या घरापासून दूर आहे असेही नाही. ‘एच-वन-बी’ परवान्यावर गेलेल्या अभियंत्यांची मुले अवलंबित म्हणून कायदेशीररीत्या तेथे वाढतात. पण प्रत्येक देशासाठी घातलेल्या मर्यादेमुळे भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दशकांची झाली आहे. रांगेत नंबर लागण्यापूर्वी मूल एकवीस वर्षांचे झाले की त्याचा अवलंबित दर्जा संपतो. मग परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा मिळवणे किंवा देश सोडणे, एवढेच मार्ग उरतात. कायदेशीर कागद होते म्हणूनच ‘डाका’चा लाभही अशा मुलांना मिळाला नाही.

२०१० च्या बंदीनंतर अथेन्समध्ये एक सुंदर गोष्ट घडली. २०११ साली याच विद्यापीठातील चार प्राध्यापिकांनी ‘फ्रीडम युनिव्हर्सिटी’ सुरू केली. नाव १९६४ मधील मिसिसिपीच्या ‘फ्रीडम स्कूल’ या कृष्णवर्णीयांच्या शाळांची आठवण देणारे. वर्ग रविवारी भरत आणि शिक्षण पूर्णपणे विनामूल्य असे. वर्गाची जागा जाहीर केली जात नसे. मुलांना वाहन परवाना मिळत नसल्याने स्वयंसेवक आपल्या गाडीतून त्यांना नेत-आणत. पुढे ही संस्था अटलांटात गेली.

आपल्या शास्त्रांत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. ज्या वर्गाचा पत्ता गुप्त ठेवावा लागतो, तेथे शिकवणारा शास्त्रदान आणि अभयदान एकाच वेळी करत असतो. कर्मवीर भाऊराव पाटील जैन कुटुंबात जन्मले. त्यांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखवला. अथेन्सच्या या मुलांना तर शिकण्यासाठी कमावण्याचीही कायद्याने मुभा नाही.

अथेन्समध्ये आणखी एक स्थळ पाहण्यासारखे आहे. डिअरिंग आणि फिनली या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ओकचा एक वृक्ष आहे. ‘स्वतःच स्वतःचा मालक असलेला वृक्ष’ म्हणून तो ओळखला जातो. फार पूर्वी जॅक्सन नावाच्या एका गृहस्थाने वृक्षावरील प्रेमापोटी तो वृक्ष आणि भोवतालची आठ फूट जमीन त्या वृक्षाच्याच नावे करून दिली, अशी आख्यायिका आहे. मूळ वृक्ष १९४२ साली कोसळला. त्याच्याच बीजापासून वाढवलेले रोप १९४६ साली त्या जागी लावण्यात आले आणि वारसाहक्कही त्याला मिळाला असे गाव मानते. कायद्याच्या दृष्टीने वृक्ष मालक होऊ शकत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही कोणी त्याचा हक्क नाकारत नाही.

एकेंद्रिय जीवाचा एवढा आदर पाहून जैन मनाला आनंद होतो. पण मनात एक विचारही येतो. जे गाव कागदाशिवाय वृक्षाला आपला मानू शकते, त्या गावाच्या विद्यापीठाला कागदाशिवाय आलेले मूल आपले का मानता येऊ नये? हा प्रश्न केवळ अथेन्सला विचारून भागणार नाही. अमेरिकेतील आपल्या मंदिरांतून आणि संस्थांतून शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्यांच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना असेल, तर तो काढून टाकता येईल. विद्यार्थ्याची गरज आणि जिद्द पाहणे पुरेसे आहे. कायदा बदलणे आपल्या हाती नाही. आपल्या दारी आलेल्या मुलाला निर्भयपणे बोलता यावे, एवढे मात्र आपल्या हाती नक्कीच आहे.