बोलून केसपेपर लिहायचा, तर संगणक कसा हवा?

"डॉक्टर, तुम्ही बोलता आणि संगणक लिहितो म्हणे. असा संगणक कितीला मिळतो?" हा प्रश्न हल्ली पेशंटही विचारतात आणि डॉक्टर मित्रही. म्हणून आज औषधाऐवजी यंत्राविषयी लिहितो.

मुरुडला बाजाराच्या दिवशी ओपीडीत बसायला जागा नसते. टाइप करताना माझी नजर कीबोर्डवर आणि पेशंट बोलतोय भिंतीशी, असं व्हायचं. त्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आली, म्हणून बोलून लिहायचं ठरवलं.

माझ्या जुन्या संगणकाला 4 जीबी रॅम होती. प्रोग्रॅम उघडला की सगळंच ठप्प! कारण सोपं आहे. आवाज ओळखणारं मॉडेल काम करताना रॅममध्ये किंवा ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत मावावं लागतं. ओपनएआयने 2022 मध्ये मोफत खुलं केलेलं व्हिस्पर घ्या. त्याच्या सर्वांत लहान मॉडेलला साधारण 1 जीबी मेमरी लागते, 'स्मॉल'ला 2, 'मीडियम'ला 5 आणि 'लार्ज'ला 10.

मग लहानच का वापरू नये? व्हिस्पर 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकलं, पण त्यात बहुतांश इंग्रजी. मराठीचा वाटा फार थोडा. त्यामुळे इंग्रजीत लहान मॉडेलवर भागतं, मराठीत ते अडखळतं. 'डोस्कं गरगरतंय' असं आपल्याकडचं बोलणं तर त्याला आणखी जड जातं.

ग्राफिक्स कार्ड हजारो गुणाकार एकाच वेळी करतं, म्हणून काम झटपट होतं. कार्ड नसलं तरी चालतं, फक्त थांबावं लागतं. एसएसडीमुळे प्रोग्रॅम लवकर उघडतो, पण शब्द जास्त अचूक येत नाहीत. आणि आपल्या लातूरकडच्या मे महिन्यात प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. लॅपटॉप खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

"मोबाईल तर लगेच लिहितो की!" बरोबर आहे. गुगलचं मराठी व्हॉइस टायपिंग 2017 पासून आहे. पण अशा सेवांमध्ये बऱ्याचदा आवाज इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर जातो आणि मेहनत तिथं होते. पेशंटनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट अशी बाहेर पाठवणं मला पटत नाही. म्हणून मी आपल्याच संगणकावर चालणारा प्रोग्रॅम निवडला.

16 जीबी रॅमचा लॅपटॉप आला. वाटलं, आता काम झालं. पण माइक लॅपटॉपचाच, आणि डोक्यावर पंखा घरघरत होता. एक मावशी आल्या. मी बोललो, "पेनिसिलिन चालत नाही." पडद्यावर उमटलं, "पेनिसिलिन चालतं."

माझ्या लक्षात आलं नाही. सवयीनं मी केसपेपर मोठ्यानं वाचला, तशा मावशी म्हणाल्या, "तसं न्हाई डाक्टर, त्या इंजेक्शननं माझ्या सगळ्या अंगावर गांधी उठल्या होत्या." माझ्या पोटात गोळा आला. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. इथं एका 'नाही'चा प्रश्न होता.

दोष मेमरीचा नव्हता. पंख्याच्या घरघरीत शब्दच नीट पोचला नव्हता. जे माइकनं ऐकलंच नाही, ते कितीही महागडं कार्ड खात्रीनं लिहू शकत नाही. यंत्र अडलं की गप्प बसत नाही, अंदाजानं काहीतरी लिहून मोकळं होतं. ते दिसायलाही अगदी बरोबर दिसतं.

म्हणून पैसे या क्रमानं खर्च करा. आधी तोंडाजवळ राहणारा यूएसबी हेडसेट. मग रॅम, किमान 8 जीबी, शक्यतो 16. मग एसएसडी. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर. ग्राफिक्स कार्ड सगळ्यांत शेवटी.

ॲलर्जी आणि औषधाचा डोस मी आजही हातानंच लिहितो. अंगठा दुखला तरी चालेल. आणि तुम्ही पेशंट असाल, तर डॉक्टरांना बिनधास्त म्हणा, "काय लिहिलंय, एकदा वाचून दाखवा." त्यात कुणाचा अपमान नाही. मावशींनी त्या दिवशी तेच केलं, म्हणून आम्ही दोघंही वाचलो.