वाकड्या मनोऱ्याचे गाव

शेफील्डहून आगगाडी सुटली आणि पाव तासाच्या आतच भाच्याने खिडकीबाहेर बोट दाखविले. "मामा, तो बघा!" घरांच्या छपरांवर एक करडा सुळका उभा होता, उभा राहण्याचा प्रयत्न करीत होता, असे म्हणणेच अधिक खरे.

चेस्टरफील्ड हे डर्बीशायर परगण्यातील जुने बाजारगाव. तेथील सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चचा हा मनोरा चौदाव्या शतकातला, २२८ फूट उंच. सॅलिस्बरीच्या ४०४ फुटी मनोऱ्यापुढे तो धाकटाच. पण सॅलिस्बरीचा मनोरा पाहून मान आदराने लवते, हा पाहून मनुष्य प्रथम हसतो. पिळलेल्या धुण्यासारखा तो ४५ अंश वळला आहे आणि त्याचे टोक मध्यापासून सुमारे साडेनऊ फूट ढळले आहे.

गावकऱ्यांनी याचा दोष सैतानाच्या माथी मारला आहे. बोल्सोव्हरच्या लोहाराने त्याला नाल ठोकताना खिळा पायात घुसविला, आणि वेदनेने उड्या मारीत जाणाऱ्या सैतानाची लाथ मनोऱ्याला बसली म्हणे! दुसरी एक कथा एका नववधूची आहे. ती कुटुंबाच्या मासिकात न सांगितलेलीच बरी.

खरे कारण साधे आणि अधिक उदास आहे. आतला सांगाडा ओकच्या ओल्या लाकडाचा. ओले लाकूड वापरण्याची त्या काळी रीतच होती. मात्र ते वाळताना वाकू नये म्हणून आडवेतिडवे आधार भक्कम द्यावे लागतात. ते येथे अपुरे पडले. त्यावर पुढे तीस टनांहून अधिक शिशाचे पत्रे चढले. दक्षिणेच्या उन्हाने तापणारे ते शिसेही या विकृतीस कारण झाले, असे मानतात. अनुभवी सुतारांना हे कळले नसते काय? परंतु १३४८-४९ च्या महामारीने इंग्लंडातील माणसे घरेच्या घरे नेली. जाणते हात गेले आणि काम नवख्यांवर आले, असा अभ्यासकांचा तर्क आहे. सिद्ध करता येणार नाही, पण मला तो पटतो. बापाने अर्धवट शिकविलेल्या मुलाचे काम डोळ्यांसमोर येते.

भाच्याला हे सांगताच तो म्हणाला, "मग सरळ का नाही करत?" तसे झाले तर हे गाव त्याचे नावच गमावून बसेल. येथील फुटबॉल संघालासुद्धा 'स्पायराइट्स', म्हणजे मनोरेवाले, म्हणतात. २२ डिसेंबर १९६१ रोजी चर्चला आग लागली. १७५६ सालचा ऑर्गन जळाला. मनोरा मात्र वाचला.

बाजारातून हिंडताना प्रत्येक गल्लीतून तो निराळ्याच बाजूस कललेला दिसे. परतताना भाच्याने स्टेशनाजवळून एक शेवटचे छायाचित्र घेतले. घरी येऊन पाहिले, तर त्यात तो जवळजवळ सरळ आला आहे.