कापशीचा पाय

आमच्याकडे मांजर पाळणं म्हणजे काय, तर मांजर येते, जाते, दूध पिते, जमलं तर एखादा उंदीर धरते. तिला घराबाहेर जाऊच द्यायचं नाही, हा प्रकार वाशिममध्ये अजून तरी थेरच समजतात. पण आमची कापशी घरातच असते, आणि त्याला कारण आहे. ती पूर्ण पांढरी आहे, दोन्ही डोळे निळे, आणि ठार बहिरी. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरी बऱ्याचदा बहिऱ्या असतात हे डार्विननेसुद्धा १८५९ च्या त्या प्रसिद्ध पुस्तकात लिहून ठेवलंय. आम्हाला ते कळायला दोन महिने लागले. कुकरची शिट्टी तिच्या कानाजवळ वाजली आणि ही आपली पंजा चाटत बसलेली! घर हिंगोली रस्त्याला लागून, दिवसरात्र ट्रक. तेव्हापासून दार बंद.

बहिऱ्या मांजरीचं आणखी एक म्हणजे आवाज. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नाही, त्यामुळे ती ओरडते ती गल्लीभर. तर २०२४ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १ सप्टेंबरला, ही गल्लीभर ओरडणारी मांजर एकदम गप्प झाली.

मी आधी शोधलं ते त्या शांततेमुळेच. दिवाणाखाली अगदी भिंतीला चिकटून बसली होती. माळ्यावरून उतरताना मागचा डावा पाय कूलरच्या लोखंडी स्टँडमध्ये अडकला असावा, कारण स्टँड सरकलेला होता आणि त्याला पांढरे केस चिकटले होते. पाय गुडघ्याखाली सुजलेला, टेकवत नव्हती. रडणं नाही, काही नाही. मांजर दुखणं लपवते असं म्हणतात ते इतकं खरं असेल असं वाटलं नव्हतं. कुत्रं कसं लगेच केकाटतं, आपल्याकडे येतं. ही मात्र जेवढं दुखेल तेवढी आत आत.

बाहेर पाऊस कोसळत होता आणि गावाला खांदशेकणीची घाई. सासूबाईंनी बैलांसाठी लोणी-हळद काढून ठेवली होतीच, त्यातली थोडी मांजरीला लावू म्हणाल्या. शेजारच्या काकूंनी हाड बसवणाऱ्या बाबांचा पत्ता दिला. आणि काकांनी खिशातून पॅरासिटामॉलची गोळी काढली, "अर्धी दे दुधातून, दुखनं थांबते." मी ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावलाच होता, त्यांना विचारलं. ते फोनवरच जवळजवळ ओरडले. मांजरीच्या यकृताला हे औषध पचवताच येत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी खराब होतात, माणसाची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते म्हणाले. माणसांची दुखण्याची कुठलीच गोळी नको. (ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी बाकीचं नाही वाचलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.)

त्या संध्याकाळी येऊन त्यांनी मांजरीला चालणारं इंजेक्शन दिलं, पाय हलणार नाही असा बांधला, आणि एक्स-रेसाठी अकोल्याला न्या म्हणाले. तिथे पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, नागपूरच्या विद्यापीठाची. ऐंशीएक किलोमीटर. पोळ्याच्या दिवशी गाडीवाला मिळेना, म्हणून ३ तारखेला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघालो. मालेगाव, मेडशी, पातूर.. टोपलीवर चादर टाकून मी मागे बसले आणि वाटभर एक हात आत ठेवला. दुसऱ्या मांजरीला आपण बोलून धीर देतो, हिला बोलून काय उपयोग!

एक्स-रेत नडगीचं हाड मोडलेलं दिसलं, शेजारचं बारीक हाडही. पण टोकं फारशी सरकलेली नव्हती. डॉक्टरांनी माझ्या मुलाला छान समजावलं की प्लॅस्टर हे मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून घालावं लागतं, तरच हाड स्थिर राहतं. म्हणून नडगीला ते जमतं, मांडीच्या हाडाला जमत नाही, तिथे सळई किंवा पट्टीचं ऑपरेशनच. हिच्यातही ऑपरेशन हा पर्याय होता. प्लॅस्टर घालायचं तर सहा आठवडे पिंजरा, उडी एकही नाही. हाड सरकलं तर मग ऑपरेशन, आणि तेही नाही जुळलं तर कदाचित पाय काढावा लागेल. तीन पायांवरही मांजरी नीट जगतात, असं ते सहज म्हणाले. मला ते सहज घेता आलं नाही. जिला कानच नाहीत तिचं सगळं पायांवर चालतं. आम्ही तिला हाक मारायची तर फरशीवर हात आपटतो, ते तिला पायातून कळतं.

मग पिंजरा. वेल्डिंगवाल्याकडून तीन बाय दोनचा करून घेतला, लोटायला अवघड जाईल असा जड. शी-शूसाठी तिला नेहमी वाळू लागते, पण वाळूचे कण प्लॅस्टरमध्ये शिरतात म्हणून जुन्या पेपरचे तुकडे. रोज दोनदा पायाची बोटं बघायची, गार पडली का, सुजली का, वास येतो का. प्लॅस्टर ओलं होऊ द्यायचं नाही. ह्यात काही अवघड नव्हतं.

अवघड होत्या त्या रात्री. तिसऱ्या दिवसापासून दुखणं कमी झालं आणि बाईसाहेबांचा आवाज परत आला! अकरा वाजले की सुरू. त्यात प्लॅस्टर गजांवर आपटायची, ठक्.. ठक्.. आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं, तिला सोडून. सासूबाई दुसऱ्या रात्री उठून आल्या, "काढ वं माय तिले बाहेर. कैदेत टाकलं काय लेकराले?" मी नाही काढलं. त्या दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. आणि खरं सांगू, त्यांचं म्हणणं मला पटत होतं. बरं करायचं म्हणून एखाद्याला कोंडायचं आणि का कोंडलंय ते सांगायची सोय नाही. आजारी माणसाला निदान समजावता तरी येतं.

उपाय त्यांनाच सापडला. पिंजरा स्वतःच्या खाटेला लावून घेतला आणि गजांवर हात ठेवून झोपायला लागल्या. त्यांच्या कुशी बदलण्याने खाट हलायची, ते पिंजऱ्यात पोचायचं. कोणीतरी जवळ आहे एवढं कळत असावं. ओरडणं निम्म्याने कमी झालं, गुरगुर सुरू झाली. मांजरीच्या गुरगुरण्याच्या कंपनांनी हाडं लवकर जुळतात असंही वाचलंय, पण ते काही सिद्ध झालेलं नाही. सासूबाईंना मात्र पूर्ण पटलेलं आहे.

आता पैशांचं. ते टाळून लिहिणं बरं नाही, कारण नातेवाइकांपैकी निम्म्यांनी तेच विचारलं. दोनदा प्लॅस्टर, एक्स-रे, अकोल्याच्या तीन खेपा, पिंजरा. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली भाव मिळत होता. शेजारच्या काकांनी माझ्या नवऱ्यासमोर हिशेब मांडला, मांजरीच्या एका पायात तुमची दोन-तीन पोती गेली. हिशेब बरोबर होता. "बैल असता तं समजलो असतो. हे काय काम करते?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पोळा बैलांचा असतो कारण बैल राबतात. कापशी दिवाणावर झोपते. नवरा म्हणाला, आपण घरात कोंडून वाढवली, आता तिला बाहेर कुठे ढकलणार. मला ते पुरलं. काकांना नाही पुरलं. ते आजही तिला "पोत्याची मांजर" म्हणतात आणि भेटले की पाय कसा आहे ते विचारतात.

दसऱ्यानंतर तीन दिवसांनी प्लॅस्टर निघालं. एक्स-रेत मोडलेल्या जागी गाठीसारखं नवीन हाड दिसत होतं. हुश्श! पण पाय बघून मुलगा घाबरलाच, काडीसारखा झाला होता, मांस उतरलेलं. आणि बया तो पाय टेकवेनाच. पिंजऱ्यातून एकदम सुट्टी नाहीच, आधी एक खोली, उंच काही नको. टाइल्सवर घसरत होती म्हणून खोलीभर पोत्याचे तरट पसरले (काका हसले, हो!). दिवसातून तीनदा पाय हळू दुमडायचा, सोडायचा. जेवणाची वाटी रोज थोडी लांब. दिवाळीत लाडू वळता वळता माझं निम्मं लक्ष तिच्या पायाकडे. नरकचतुर्दशीच्या सकाळी चारही पाय टेकवून चालत आली आणि करंजीच्या परातीत तोंड घातलं. कोणी रागावलं नाही.

तो पाय अजून जरा बाहेरच्या बाजूला पडतो. थंडीत सकाळी उठली की पहिली चार पावलं लंगडते. कूलरचा स्टँड भंगारात गेला, माळ्याखाली दोन खोक्यांच्या पायऱ्या केल्यात. त्यांवरून ती चढते ऐटीत, उतरताना मात्र थांबते आणि खाली कोणी असेल तर ओरडते. मग फरशीवर हात आपटून दाखवावा लागतो की आहोत, ये.